बकेट भरली म्हणजे वजन झालं नाही

नमनाला घडाभर तेल घालत बसत नाही, थेट मुद्द्यावर येतो. आपल्याकडे माती, मुरूम, खडी, वाळू, डबर यांचा जवळजवळ सगळा व्यवहार अंदाजाने चालतो. अंदाजाबद्दल माझी काडीइतकीही तक्रार नाही. अंदाज बांधणं हे तर इंजिनिअरचं पोटापाण्याचं काम. तक्रार आहे ती अंदाजाला मोजमापाचे कपडे चढवून बाजारात उभं करण्याबद्दल. आणि त्याहून मोठी तक्रार अशी, की या अंदाजात जी चूक असते ती कधीच सगळ्यांत समान वाटली जात नाही. ती उतारावरच्या पाण्यासारखी खाली वाहत जाते. टिप्परच्या ड्रायव्हरकडे, घराचा पाया भरून घेणाऱ्याकडे, शेतातला मुरूम विकणाऱ्याकडे, आणि शेवटी ज्या रस्त्यावरून तुम्हीआम्ही हापिसात जातो त्या रस्त्याकडे.

"तुला रे काय करायच्यात या चौकशा? तू आपला कोड लिही!" असं म्हणणारे मित्र मला आहेत. त्यांच्यासाठी खुलासा: काही काळ मी अशा एका टीममध्ये होतो जी मशीनच्या बकेटमध्ये किती टन माल आहे हे सेन्सरवरून काढायचं सॉफ्टवेअर लिहीत असे. म्हणजे कोडच लिहीत होतो. फरक एवढाच, की या कोडमधल्या दशांश चिन्हाच्या पुढच्या आकड्यांवर लोकांची बिलं निघायची.

२०१९ च्या मे महिन्यात 'जेसीबी की खुदाई'चे विनोद सगळ्यांच्या फोनवर फिरत होते, आठवतंय? अख्खा देश खड्ड्याभोवती उभा राहून खोदकाम बघतोय असे ते विनोद. एवढ्या बघ्यांमध्ये त्या बकेटमध्ये माल किती होता हे विचारणारा मला एकही भेटला नाही. चला तर, आज विचारू.

मराठी माणूस यंत्रांना कंपन्यांची नावं देण्यात पटाईत. हायड्रॉलिक एक्स्कॅव्हेटरला आपण पोकलेन म्हणतो, कारण पोक्लाँ नावाची फ्रेंच कंपनी. पुढे लोडर आणि मागे छोटी बकेट असलेल्या पिवळ्या मशीनला जेसीबी, कारण ती ब्रिटिश कंपनी. मोठ्या टिप्परला हायवा, कारण डंपिंगचा जॅक बनवणारी ती डच कंपनी. नावं तीन देशांतून आली, पण या तिघांनी मिळून हलवलेला माल आपण मोजतो तो मात्र ब्रासमध्ये. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, म्हणजे २.८३ घनमीटर. लक्षात घ्या, हे आकारमान आहे, वजन नाही. आणि गंमत अशी, की टिप्परचा ॲक्सल, पूल, रस्ता आणि ब्रेक यांपैकी कोणालाही आकारमानाशी काहीएक देणंघेणं नसतं. त्यांना कळतं ते फक्त वजन.

आता बकेटचंच माप घेऊ. कंपनीच्या माहितीपत्रकात लिहिलेलं असतं: बकेट १ घनमीटर. हे काठोकाठचं माप की शीग धरून? आपल्या आजीला हा प्रश्न लगेच कळला असता. पायलीने धान्य मोजताना शीग ठेवायची की हाताने सपाट करायची, यावरून घरोघरी भांडणं झालेली आहेत. बकेटचंही तेच. माहितीपत्रकातला आकडा बहुतेक वेळा शिगेसकटचा असतो, आणि शीग किती उंच धरायची याचे नियम चक्क वेगवेगळे आहेत. एक्स्कॅव्हेटरच्या बकेटसाठी आयएसओ ७४५१ आणि अमेरिकी एसएईचं मानक १:१ चा उतार धरतं, म्हणजे ४५ अंशांचा ढीग. युरोपातल्या सीईसीईच्या नियमात तोच उतार २:१, म्हणजे दोन आडवे तर एक उभा. म्हणजे शीग बरोबर निम्मी. काठोकाठ ०.८ घनमीटर असलेली बकेट पहिल्या नियमाने १ घनमीटर झाली, तर दुसऱ्या नियमाने तीच ०.९ होते. त्याच लोखंडाची, त्याच दातांची तीच बकेट! आणि लोडरच्या बकेटला पुन्हा वेगळं मानक, तिथे आयएसओसुद्धा २:१ च धरतं. म्हणजे पोकलेनचा 'एक घनमीटर' आणि लोडरचा 'एक घनमीटर' हे एका जातीचे घनमीटर नव्हेतच.

बरं, हे झालं कागदावरचं. प्रत्यक्षात बकेट किती भरते हे मालावर ठरतं. कॅटरपिलरच्या हँडबुकात एक्स्कॅव्हेटरसाठी दिलेले आकडे या धंद्यात सर्रास वापरले जातात. ओलसर चिकणवट माती बकेटमध्ये शीग धरून १०० ते ११० टक्के भरते. वाळू-खडी ९५ ते ११० टक्के. सुरुंग नीट लावून फोडलेला दगड ६० ते ७५ टक्के. आणि नीट न फुटलेला, मोठमोठ्या शिळांचा दगड ४० ते ५० टक्के, कारण मध्ये सगळी हवाच. आता त्यावर घनता लावा. सैल कोरडी माती घनमीटरला साधारण १.२५ टन, ओली वाळू १.८४ टन, फोडलेला बेसॉल्ट म्हणजे आपला काळा पत्थर १.९६ टन.

गुणाकार करून बघा. एक घनमीटरची बकेट. ओली वाळू शिगोशीग भरली तर २ टनांच्या वर. नीट न फुटलेला दगड असेल तर ४० टक्क्यांना ०.७८ टन. दोन्ही वेळा ऑपरेटर खाली ओरडून सांगणार, "एक बकेट टाकली!" आणि खाली उभा असलेला मुकादम वहीत एक उभी रेघ मारणार. त्या दोन रेघांमध्ये अडीच पट फरक आहे, पण वहीत दोन्ही रेघा सारख्याच उभ्या.

आता जेसीबीचं बघू, कारण तुमच्या सोसायटीत भरावाचं काम निघालं तर येणार तोच. थ्रीडीएक्सची पुढची बकेट साधारण १.१ घनमीटरची. तीन ब्रास म्हणजे ८.४९ घनमीटर, म्हणजे आठ बकेट टाकल्या की 'तीन ब्रास झाले' असा हिशेब साईटवर केला जातो. ओलसर माती असेल आणि बकेट ११० टक्के भरत असेल तर आठ बकेटांचे ३.४ ब्रास होतात. फोडलेला दगड असेल आणि ८५ टक्के भरत असेल तर २.६ ब्रास. पावतीवर दोन्हीकडे 'तीन'. यात कोणी लबाडी केलीच पाहिजे असं नाही. सगळे साधुसंत असले तरी हा फरक राहतोच. आणि एखादा साधुसंत नसला, तर त्याला लपायला यापेक्षा चांगली जागा नाही.

पुढची भानगड म्हणजे फुगवटा. जमिनीतला अखंड बेसॉल्ट घनमीटरला २.९७ टन. तो फोडला की तुकड्यांच्या मध्ये पोकळ्या तयार होतात आणि तोच माल दीड पट जागा खातो. म्हणजे खाणीत खड्डा मोजला तर १०० ब्रास, आणि टिप्परमध्ये मोजला तर १५० ब्रास. माल तोच, एक खडासुद्धा इकडचा तिकडे नाही! महाराष्ट्रात गौण खनिजाचं स्वामित्वधन ब्रासवर आकारलं जातं. टिप्पर मोजला जातो तो सैल मालाने, आणि नंतर खड्ड्याची मोजणी होते ती अखंड जमिनीची. या दोन ब्रासांमधला दीड पटीचा गुणाकार जर कागदावर कुठे लिहिलेलाच नसेल, तर जो बलवान असेल तो आपल्याला सोयीचा ब्रास निवडणार. विकत घेताना मोठा, मोजून देताना छोटा. 'कुठला ब्रास?' हा प्रश्न न विचारता ब्रासने व्यवहार करणं म्हणजे 'कुठला डॉलर?' हे न विचारता पगाराची बोलणी करण्यासारखं आहे. अमेरिकी, सिंगापुरी की झिम्बाब्वेचा? तुम्ही केली असती का सही?

आणि वाळूची तर तऱ्हाच निराळी. बारीक वाळूत ५-८ टक्के ओल असली की कणांभोवती पाण्याचा पातळ थर बसतो, कण एकमेकांपासून लांब राहतात आणि वाळू २०-३० टक्क्यांनी फुगते. पूर्ण पाण्यात बुडवली तर पुन्हा खाली बसते. ही काही माझी जादू नाही, भारतीय मानक आयएस २३८६ मध्ये हा फुगवटा मोजायची पद्धत दिलेली आहे, १९६३ पासून. म्हणजे ओलसर वाळू ब्रासने घेणारा माणूस पाच ब्रासचे पैसे मोजून चार ब्रासच्या आसपास वाळू घरी आणतो.

"अरे पण वजनाने घेतली तर पाण्याचे पैसे पडतील त्याचं काय?" बरोबर, पडतील. सहा टक्के ओल असेल तर साधारण सहा टक्क्यांचा फटका. फुगवट्याचा फटका याच्या तिप्पट-चौपट. शिवाय ओल तव्यावर वाळू भाजून, आधी आणि नंतर वजन करून अर्ध्या तासात काढता येते आणि बिलातून वजा करता येते. दोन्ही पद्धतींत चूक आहे, पण एक चूक लहान आहे आणि दुरुस्त करता येते. निवड अवघड आहे का?

आता या सगळ्यात पैशापलीकडचं काय पणाला लागलंय ते सांगतो. तीन ॲक्सलच्या, म्हणजे दहा चाकी टिप्परचं कमाल एकूण वजन २०१८ साली २५ टनांवरून २८.५ टन करण्यात आलं. रिकामा टिप्पर समजा ११.५ टनांचा धरला तर मालाला उरले १७ टन. तीन ब्रास माती म्हणजे साडेदहा टन. काहीच अडचण नाही. तीन ब्रास काळा पत्थर म्हणजे १६.६ टन; जेमतेम बसतो. फाळका वाढवून चार ब्रास पत्थर भरला की झाले २२ टन. एकूण वजन ३३.७ टन, म्हणजे मर्यादेपेक्षा पाच टन जास्त. मातीला जे डोळ्यांनी ठीक दिसतं तेच दगडाला जीवघेणं असतं, आणि डोळ्यांना टन दिसत नाहीत.

पाच टन जास्त म्हणजे एकूण १८ टक्के. ऐकायला फार वाटत नाही. पण अमेरिकेत इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात झालेल्या रस्ते-चाचणीतून जो ढोबळ नियम निघाला तो सांगतो, की रस्त्याचं नुकसान ॲक्सलवरच्या भाराच्या चौथ्या घाताने वाढतं. १.१८ चा चौथा घात करा: जवळजवळ २. म्हणजे १८ टक्के जास्त वजन, आणि रस्त्याची झीज जवळजवळ दुप्पट. मग आपण पहिल्या पावसात खड्ड्यांचे फोटो टाकतो आणि महापालिकेच्या नावाने बोटं मोडतो. (मोडावीतच. पण दोन बोटं या चौथ्या ब्राससाठी राखून ठेवा.)

आणि घाट उतरताना? ब्रेकला जी उष्णता गिळावी लागते ती वजनाच्या प्रमाणात. १८ टक्के वजन जास्त, १८ टक्के उष्णता जास्त, आणि स्टिअरिंगवर बसलेला माणूस तो, ज्याने माल भरलेला नाही, ब्रास ठरवलेला नाही आणि भावही केलेला नाही. पकडला गेला तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ खाली, २०१९ च्या दुरुस्तीनंतर, २० हजार रुपये दंड आणि वरच्या प्रत्येक टनाला २ हजार. पाच टनांचे झाले ३० हजार. कायद्याच्या शब्दांत गाडी चालवणारा आणि चालवायला लावणारा दोघेही येतात. पण रस्त्यावर गाडी थांबवल्यावर हाताशी सापडतो तो एकटा चालवणारा. लावणारा तेव्हा फोन उचलत नसतो.

"मग मशीनवरच काटा बसवा की! तुमचं सॉफ्टवेअर कशाला आहे?" आलात माझ्या गल्लीत. बसा.

मशीनवर तराजूचं पारडं नसतं. आपण काय करतो, तर बूम उचलणाऱ्या हायड्रॉलिक सिलिंडरच्या दोन्ही बाजूंचा तेलाचा दाब मोजतो, त्यावरून बल काढतो, सांध्यांच्या कोनांवरून बूमच्या मुळाच्या पिनेभोवतीचा टॉर्क काढतो. रिकाम्या मशीनचा टॉर्क त्यातून वजा करतो. उरला तो मालाचा टॉर्क. त्याला मालाच्या आडव्या अंतराने भागलं की वजन. आठवीतली तरफ, दुसरं काही नाही. पण माल बकेटमध्ये नक्की कुठे बसलाय? पुढे दातांकडे की मागे पाठीकडे? हे सेन्सरला दिसत नाही. सहा मीटर लांब हात पसरलेला असताना मालाचा मध्य १२ सेंटीमीटर इकडेतिकडे असला की झाली २ टक्के चूक. त्यात सील आणि पिनांचं घर्षण आलं, त्यामुळे तेच वजन उचलताना एक दाब दाखवतं आणि खाली आणताना दुसरा. झटक्याने उचललं तर त्वरणाचा भार आला. मशीन उतारावर उभं असेल तर कोन बदलले. सकाळचं थंड तेल आणि दुपारचं तापलेलं तेल वेगळं वागतं. आणि आपली काळी माती! पावसाळ्यात ती बकेटच्या तळाला अशी चिकटून बसते की खाली उलटली तरी पाव भाग आतच. पुढच्या फेरीत तीच माती पुन्हा मोजली जाते, आणि एकाच मातीचे दोनदा पैसे लागतात. म्हणून रिकाम्या बकेटचं वजन पुन्हा पुन्हा शून्य करून घ्यावं लागतं. घाईत ते कोणी करत नाही.

हे सगळं सांभाळूनही चांगली प्रणाली उत्तम काम करते. नीट जुळवलेली, शिस्तीने वापरलेली असेल तर चूक दोन-तीन टक्क्यांच्या आत आणता येते, आणि ती डोळ्यांच्या अंदाजापेक्षा कितीतरी सरस. लोडरवरच्या काट्यांसाठी आंतरराष्ट्रीय मापनशास्त्राच्या शिफारशीसुद्धा आहेत. मी या तंत्राच्या विरोधात नाही, मी त्याचाच पगार खाल्ला आहे. माझा विरोध आहे तो स्क्रीनवरच्या खोटेपणाला.

आमच्या स्क्रीनच्या पहिल्या आराखड्यात वजनाच्या शेजारी ± आणि टक्केवारी होती, आणि खाली 'शेवटची जुळवणी: अमुक तारीख'. गिऱ्हाईक कंपनीच्या बैठकीत हे दोन्ही काढायला सांगण्यात आलं. कारण? "± दिसलं की लोक घाबरतात." त्याऐवजी दशांश चिन्हापुढे दोन आकडे दाखवा म्हणे, म्हणजे अचूक वाटेल. मी भांडलो, मत नोंदवलं, आणि हरलो. स्क्रीनवर आलं: १.८७ टन. म्हणजे जे सेन्सरला माहीत नाही ते स्क्रीनला माहीत असल्याचा आव. तो ७ कुठून आला हे मला नक्की ठाऊक होतं. तो कुठूनही आला नव्हता.

हे ओळखीचं वाटतंय ना? आपण मॅनेजरला सांगतो, "तीन ते पाच दिवस लागतील." तो एक्सेलमध्ये लिहितो '३'. त्याचा वरचा साहेब गिऱ्हाइकाला सांगतो, "बुधवारी मिळेल." बुधवारी रात्री जागतो कोण? तेच इथे. अंदाजाचा पट्टा वरच्या मजल्यावर जाता जाता गळून पडतो, आणि पट्ट्याची किंमत खालचा माणूस चुकवतो. आपल्याकडे ती रात्रीच्या झोपेत चुकवली जाते, तिथे ब्रेक लायनरमध्ये.

यावर सॉफ्टवेअरवाल्यांचं एक आवडतं उत्तर असतं: "अरे, चुका सरासरीत जिरून जातात." अर्धंच खरं आहे. चूक दोन जातींची असते. एक इकडेतिकडे हलणारी: कधी जास्त, कधी कमी. बकेटला ३ टक्के अशी चूक असेल तर सहा बकेटांच्या बेरजेत ती सव्वा टक्क्यावर येते, कारण भागायचं सहाच्या वर्गमुळाने. दुसरी जात एकाच बाजूला झुकलेली: जुळवणी बिघडलेली, बकेटच्या तळाला माती, बदललेली बकेट. ती सहा बकेटांनंतरही ३ टक्के, सहा हजारांनंतरही ३ टक्केच. रोज हजार टन माल हलवणाऱ्या खाणीत २ टक्के झुकाव म्हणजे रोज २० टन. सगळा पैसा या झुकावात असतो, आणि सरासरीने झुकाव कधीच जात नाही. तो जातो फक्त पक्क्या वजनकाट्याशी ताडून बघितल्यावर.

दुसऱ्या बाजूला दुसरा पंथ आहे: "यंत्रबिंत्र सोडा, आमच्या ऑपरेटरला वीस वर्षांचा अनुभव आहे, त्याच्या हाताला वजन कळतं." ऑपरेटरबद्दल मला मनापासून आदर आहे. त्यांच्या बोटांतली कला बघावी अशीच असते. पण एक प्रश्न: त्याने भरलेला टिप्पर काट्यावर किती भरला, हे त्याला गेल्या वीस वर्षांत किती वेळा सांगितलं? बहुतेक ठिकाणी एकदाही नाही. काट्याची पावती ऑफिसात जाते, ऑपरेटर खड्ड्यात राहतो. उत्तर तपासून न मिळता वीस वर्षं गणितं सोडवणाऱ्याचा वेग वाढतो, अचूकता वाढत नाही. हा दोष त्याचा नाही, पावती खाली न पाठवणाऱ्याचा आहे.

मग जगात कोणी हे शहाणपणाने करतं का? करतं. मोठ्या खाणींतल्या डंपरांसाठी कॅटरपिलरचं १०/१०/२० नावाचं धोरण आहे. ठरवलेल्या भारापेक्षा सरासरी वर जाता कामा नये. १० टक्क्यांहून जास्त फेऱ्या ठरलेल्या भाराच्या ११० टक्क्यांपुढे जाता कामा नयेत. आणि १२० टक्क्यांपुढे एकही फेरी नाही. मला हे धोरण फार आवडतं, कारण ते खोटं बोलत नाही. प्रत्येक बकेट अगदी नेमकी भरेल असं सोंग ते आणत नाही. अंदाज पसरणार हे मान्य करतं, पसरट किती चालेल ते सांगतं, आणि शेवटी एक पक्की लक्ष्मणरेषा आखतं. (अर्थात ही खाणीतल्या यंत्रांची सूट आहे, सार्वजनिक रस्त्यावर कायद्याची मर्यादा हीच रेषा.) आता विचार करा, हे धोरण ब्रासमध्ये लिहिता येईल का? नाही. आधी प्रत्येक फेरीचं वजन माहीत हवं.

लोक म्हणतात, "गावोगावी वजनकाटे कुठून आणणार?" प्रत्येक फेरी काट्यावर न्या असं मी म्हणतच नाही. माल बदलला की, पाऊस पडला की, आणि एरवी रोज दोन-चार फेऱ्या न्या. त्यावरून बाकीच्यांचा अंदाज सुधारा. अंदाज करा, पण तपासलेला करा. आणि "ब्रास पिढ्यानपिढ्या चालत आलाय" म्हणणाऱ्यांना एवढंच सांगतो, की पायलीही पिढ्यानपिढ्या चालत आली होती. १९५६ साली मेट्रिक वजन-मापांचा कायदा आला, आणि आज शहरात ज्वारी कोणी शीग बघून घेत नाही. काट्यावर किलो बघून घेतो. पन्नास रुपयांच्या ज्वारीला जो न्याय मिळाला तो पन्नास हजारांच्या मुरमाला का मिळू नये?

म्हणून माझ्या मागण्या चारच.

१. पावतीवर टन लिहा. ब्रास लिहायचाच असेल तर तो सैल की जमिनीतला, आणि माल ओला की कोरडा, हे शेजारी लिहा.

२. बकेटमधलं वजन दाखवणाऱ्या प्रत्येक स्क्रीनवर ± आणि शेवटच्या जुळवणीची तारीख असलीच पाहिजे. ज्या आकड्यावर भरवसा नाही तो दशांश छापू नका. ही मागणी तुमच्यामाझ्यासारख्या कोड लिहिणाऱ्यांकडे आहे, सरकारकडे नाही.

३. काट्याची पावती संध्याकाळपर्यंत ऑपरेटरच्या हातात पडली पाहिजे.

४. ज्याने भरला आणि ज्याने भरायला लावला, त्याचं नाव पावतीवर हवं. म्हणजे रस्त्यावर एकट्या ड्रायव्हरची मान सापडणार नाही.

यातल्या एकाही गोष्टीला उपग्रह लागत नाही, एआय लागत नाही, स्टार्टअपला निधी उभारावा लागत नाही. लागते ती फक्त एक सवय: आपल्याला किती माहीत आहे आणि किती नाही, हे आकड्याच्या शेजारीच लिहिण्याची. ही सवय नकोशी का वाटते, तेही उघड आहे. आकडा धूसर असला की त्याची दुरुस्ती ज्याच्या हातात असते त्याचा फायदा होतो, आणि तो माणूस सहसा टिप्परच्या केबिनमध्ये बसलेला नसतो.

असो. पुढे कधी तुमच्या सोसायटीत भराव पडणार असेल, गावी घराचं जोतं भरायचं असेल, किंवा कुठल्या प्रॉडक्टच्या बैठकीत ± काढायचा ठराव येईल, तर तीन प्रश्न विचारा. कुठला ब्रास? ओला की कोरडा? आणि काटा कुठे आहे? समोरचा वैतागेल. "साहेब, एवढं कोणी विचारत नाही" असंही म्हणेल.

तो खरंच बोलतोय. तेच तर बदलायचंय.